सद्हेतूचे भांडवल कोणाला उत्तरदायी?

जगाच्या भांडवलबाजारात अलीकडे एका नव्या शब्दाला मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग' हा तो शब्द. २००७ साली रॉकफेलर फाउंडेशनने इटलीतील बेलाजिओ येथे भरविलेल्या बैठकीत तो रूढ झाला. पुढे त्याच्या नावाने जमलेली रक्कम, या क्षेत्रातील जागतिक संघटनेच्या २०२४ सालच्या अंदाजानुसार, दीड लाख कोटी डॉलरच्या पलीकडे गेली. नफा तर मिळवावयाचाच. परंतु तो मिळवीत असता समाजाचे वा निसर्गाचे काही हितही साधावयाचे आणि ते मोजून दाखवावयाचे, अशी ही कल्पना आहे. मराठीत तिला आपण 'सहेतुक गुंतवणूक' म्हणू.

आपल्या देशातही ही भाषा आता सरकारदरबारी बोलली जाते. २०१९ च्या अर्थसंकल्पात 'सोशल स्टॉक एक्स्चेंज'ची घोषणा झाली आणि २०२२ साली सेबीने त्याचे नियम केले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने पहिले हरित रोखे विक्रीस काढले. शेअर बाजारातील आघाडीच्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून समाज आणि पर्यावरण यांविषयीच्या आपल्या वर्तनाचा वार्षिक अहवाल देणे बंधनकारक झाले. पैशाने केवळ व्याजाचा हिशेब देऊन भागणार नाही, हे निदान तत्त्वतः मान्य झाले आहे.

या घडामोडीकडे समाजवाद्यांनी कोणत्या दृष्टीने पाहावे? भांडवलशाहीने चढविलेला हा आणखी एक मुखवटा आहे, असे म्हणून पाठ फिरविणे सोपे आहे. भांडवलाचे हृदयपरिवर्तन झाले असे मानून त्याचे स्वागत करणेही तितकेच सोपे आहे. या दोन्ही भूमिका विचाराचे कष्ट वाचवितात. कोळशाच्या जागी सूर्याची वीज आणावयाची, आटत चाललेले भूजल सावरावयाचे, शहरांचे सांडपाणी शुद्ध करावयाचे, तर प्रचंड पैसा लागणार आहे आणि तो एकट्या सरकारी तिजोरीतून निघणार नाही. तेव्हा पैसा हवाच. परंतु पैसा देणाराचा हेतू शुद्ध आहे की नाही, हा या चर्चेतील मुख्य प्रश्न नव्हे. ज्याच्या नावाने पैसा गुंतविला जातो त्याला तो पैसा उत्तरदायी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

दूरचा पैसा, जवळचे कर्ज

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या निर्यातदारांकडून पैसा शहरातील सावकाराकडे, त्याच्याकडून गावच्या सावकाराकडे आणि तेथून शेतकऱ्याच्या घरात आला. मागेल त्याला कर्ज मिळू लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि तोच पैसा ज्या वाटेने आला होता त्याच वाटेने परत मागितला जाऊ लागला. सरकारने याच सुमारास जमीन महसूल वाढविला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यांचा रोख मुख्यतः सावकाराच्या घरातील कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या चोपड्यांवर होता. त्या चोपड्यांत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, आणि न्यायालय मात्र त्यावरच निवाडा देत होते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या उद्रेकातून जन्मला.

या प्रकरणी सारा दोष गावच्या सावकाराच्या दुष्टपणावर टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. सावकार दुष्ट असेलही. पण त्याच्या मागे एक लांबलचक साखळी होती. तिच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला सुपे हे नावही ठाऊक नव्हते, आणि गावातील कर्जदाराला त्याच्यापाशी दाद मागण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

आंध्रचा धडा

या साखळीने एकविसाव्या शतकात पुन्हा दर्शन दिले, आणि तेही परोपकाराच्या वेषात. बांगलादेशातील ग्रामीण बँक आणि मुहम्मद युनूस यांना २००६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. गरीब स्त्री कर्ज बुडवीत नाही, तिला तारण मागण्याची गरज नाही, हे युनूस यांनी सिद्ध केले होते. भांडवलबाजाराने त्यातून आपल्या सोयीचा निष्कर्ष काढला, की गरिबांना कर्ज देणे हा किफायतशीर धंदा आहे. २००७ साली मेक्सिकोतील कोम्पार्तामोस ही बँक आणि ऑगस्ट २०१० मध्ये आपल्याकडील एसकेएस मायक्रोफायनान्स ही कंपनी शेअर बाजारात उतरली. दोघींचाही प्रारंभ सेवाभावी संस्था म्हणून झाला होता. एसकेएसच्या भागविक्रीतून सोळाशे कोटींहून अधिक रुपये उभे राहिले आणि मागणी विक्रीस काढलेल्या भागांच्या कितीतरी पट होती. सहेतुक गुंतवणुकीचा तो विजयदिन मानला गेला.

अवघ्या दोन महिन्यांत, ऑक्टोबर २०१० मध्ये, आंध्र प्रदेश सरकारला वटहुकूम काढावा लागला. एकेका घरावर चार-पाच कंपन्यांची कर्जे, वसुलीसाठी दारात धरणे, गटातील बायकांनीच आपल्या शेजारणीच्या घरातील भांडीकुंडी उचलून नेणे आणि कर्जदारांच्या आत्महत्या, अशा बातम्यांनी राज्य हादरले होते. वटहुकुमानंतर त्या राज्यातील परतफेड जवळजवळ थांबली आणि सूक्ष्म वित्तपुरवठ्याचा डोलारा कोसळला.

हे का घडले, हे नीट समजावून घेतले पाहिजे. या कर्जाला तारण नसते असे म्हणतात, ते पूर्ण खरे नाही. पाच-दहा बायकांचा गट एकमेकींना जामीन राहतो. शेजारधर्म आणि चारचौघांतील अब्रू हेच तेथे तारण असते. गटाचे पैसे गटापाशीच राहात असतील, तर हे तारण माणसांना सांभाळते. पण कंपनीत भांडवल गुंतविणाराला पाच-सात वर्षांत आपले भाग चढ्या किमतीला विकून बाहेर पडावयाचे असते. भागांची किंमत चढावयाची तर कर्जांची संख्या दर तिमाहीला वाढली पाहिजे. ती वाढावयाची तर वसुली अधिकाऱ्याला उद्दिष्ट ठरवून दिले पाहिजे. आणि ते गाठावयाचे तर ज्या घरात आधीच तीन कर्जे आहेत तेथे चौथे दिले पाहिजे. या पायऱ्यांतील एकही माणूस दुष्ट असण्याची गरज नाही. गुंतवणूकदाराचा हेतू चांगला असेल, अधिकारी स्वतः गरिबाघरचा असेल. तरीही शेवटी हप्त्याच्या दिवशी एका बाईने दुसरीचे दार ठोठवावयाचे, हे ठरलेलेच असते.

त्यानंतर मालेगाम समितीचा अहवाल आला आणि २०११ साली रिझर्व्ह बँकेने या कर्जांच्या व्याजाला २६ टक्क्यांची मर्यादा घातली. पुढे २०२२ साली व्याजावरील मर्यादा काढून टाकण्यात आली. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये असा नियम त्याच वेळी झाला. व्याजदर मात्र कंपन्यांनी आपापला ठरवावा, तो अवाजवी नसावा, एवढेच सांगितले गेले. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अवाजवी दर लावल्याबद्दल चार कंपन्यांना नवी कर्जे देण्यास रिझर्व्ह बँकेला मनाई करावी लागली. ती काही महिन्यांत उठली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाचक वसुलीविरुद्ध वटहुकूम काढण्याची पाळी कर्नाटकावर आली. पंधरा वर्षांनी आपण पुन्हा त्याच वळणावर उभे आहोत.

यातील सर्वांत क्लेशदायक गोष्ट वेगळीच आहे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ग्रामीण भागात बँकांच्या दोन हजारही शाखा नव्हत्या. शहरात एक शाखा काढावयाची तर बँक नसलेल्या ठिकाणी चार काढल्या पाहिजेत, असा नियम १९७७ पासून लागू झाला. १९९० पर्यंत ग्रामीण शाखांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. अग्रक्रम क्षेत्राला चाळीस टक्के कर्ज देण्याचे बंधन बँकांवर आले. कर्जवाटपात राजकारण शिरले, थकबाकी साचली, हे सारे खरे. तथापि या देशात झालेली ती सर्वांत मोठी सहेतुक गुंतवणूक होती, आणि तिचा जाब संसदेत विचारता येत होता. आज तेच चाळीस टक्क्यांचे बंधन पाळण्याचा एक सोपा मार्ग बँकांना उपलब्ध आहे. बँक सूक्ष्म वित्त कंपनीला घाऊक कर्ज देते, कंपनी ते दुप्पट वा अधिक दराने गावात वाटते, आणि बँकेच्या दप्तरी ती रक्कम अग्रक्रम क्षेत्रात जमा होते. सार्वजनिक कर्तव्य असे परस्पर मक्त्याने दिले जात आहे.

मोजमाप कोणाच्या हाती?

सहेतुक गुंतवणुकीचे पुरस्कर्ते म्हणतील, की म्हणूनच तर आम्ही परिणाम मोजतो. परंतु मोजतो कोण आणि कोणासाठी? मोजणाऱ्या संस्थेचे शुल्क बहुधा गुंतवणूकदार किंवा कंपनीच देते. अहवाल इंग्रजीत छापला जातो आणि मुंबईत वा लंडनमध्ये वाचला जातो. किती स्त्रियांना कर्ज मिळाले याचा आकडा त्यात असतो; किती जणींनी ते फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढले, याचा रकाना क्वचितच असतो. दीडशे वर्षांपूर्वी सुप्याच्या शेतकऱ्याला सावकाराची चोपडी वाचता येत नव्हती. आजच्या कर्जदार स्त्रीला तिच्याविषयीचा हा अहवाल वाचावयास मिळत नाही.

हरित रोख्यांबाबतही हाच मुद्दा उपस्थित होतो. केंद्र सरकारने २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एकूण सोळा हजार कोटींचे हरित रोखे विकले. खनिज इंधनाच्या आणि अणुऊर्जेच्या प्रकल्पांना त्यातून वगळले, हे उचितच झाले. या रोख्यांवर सरकारला इतर कर्जापेक्षा अवघे पाच-सहा शतांश टक्के कमी व्याज द्यावे लागले, आणि नंतरच्या काही लिलावांत तीही सवलत जवळपास उरली नाही. याचा अर्थ असा, की पर्यावरणासाठी आपला नफा थोडाही कमी करण्यास बाजार फारसा तयार नाही. शिवाय सरकारी तिजोरीत आलेला रुपया हिरवा की काळा, हे ओळखता येत नाही. जे काम सरकार कसेही करणारच होते त्यालाच हिरवे लेबल लावले, तर सृष्टीच्या पदरात नवे काय पडले?

त्या मानाने इंदूर महापालिकेचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्या शहराला नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून उपसून वर चढवावे लागते आणि त्याचे वीजबिल प्रचंड येते. ते कमी करण्यासाठी सौर प्रकल्प उभारावयाचा म्हणून महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले आणि ते सामान्य गुंतवणूकदारांनाही खुले ठेवले. येथे प्रयोजन एक आहे, जागा एक आहे, आणि वीजबिल घटले की नाही हे कोणत्याही नगरसेवकाला सभागृहात विचारता येते. जेथे विचारणारा जवळ आहे आणि त्याला विचारण्याचा अधिकार आहे, तेथेच मोजमापाला अर्थ येतो.

आपल्या घरातील प्रश्न

यावर आपल्यापैकी अनेक जण तत्काळ म्हणतील, की उत्तर आपल्यापाशी आहेच. ते म्हणजे सहकार. हे उत्तर बव्हंशी बरोबर आहे. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत ग्रामीण कर्जातील सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के, आणि सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास आढळला होता. त्या काळात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. १९७४ साली अहमदाबादेत सेवा संघटनेच्या चार हजार श्रमिक स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भागभांडवल घालून स्वतःची बँक काढली. सही येत नाही म्हणून छायाचित्रांवरून खातेदार ओळखण्याची पद्धत पाडली. १९९७ साली साताऱ्याच्या दुष्काळी भागात म्हसवड येथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला, तेव्हा त्या अक्षरे शिकून पुन्हा गेल्या. या संस्थांत कर्जदार स्त्री हीच मालकीण आहे. तिला दुसऱ्या कोणाच्या सद्हेतूवर विसंबावे लागत नाही.

परंतु आपल्याच घरातील एका अवघड प्रश्नाला सामोरे गेल्यावाचून ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. राज्यातील लागवडीखालील जमिनीच्या अल्प हिश्श्यावर उभा असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा घेतो, हे अनेक अभ्यासांनी वारंवार दाखविले आहे. हा ऊस आपोआप वाढलेला नाही. सरकारी भागभांडवल, कर्जाला सरकारची हमी, सहकारी बँकांचे पीककर्ज आणि दराची शाश्वती अशा सर्व वित्तीय मार्गांनी आपण तो वाढविला, आणि पुढे मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यातही नेला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. कारखान्याचे संचालक मंडळ सभासदांना उत्तरदायी होते, आणि सभासदांना ऊसच हवा होता. विहिरीखालच्या पाण्याचा, शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि पुढील पिढीचा प्रतिनिधी मात्र त्या सभेत नव्हता. लोकशाही मालकी अपरिहार्य आहे, पण शाश्वत अर्थव्यवस्थेला ती एकटी पुरत नाही, हा याचा अर्थ. जो सभासद नाही त्याचेही हित ज्या व्यवहारात गुंफले जाईल, अशी वित्तव्यवस्था रचावी लागेल.

अशी रचना अशक्य नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली. पंपाला लागेल तेवढी वीज वापरावयाची आणि उरलेली वीज कंपनीला विकावयाची, असा पंचवीस वर्षांचा करार त्यांनी केला, आणि त्या बदल्यात अनुदानित वीजजोडणीवरील हक्क सोडला. सौर पंपाला इंधनाचा खर्च नाही. तेव्हा नुसता पंप दिला, तर भूजलाचा उपसा वाढण्याचाच धोका. येथे मात्र न उपसलेल्या पाण्याची वीज होऊन तिचा पैसा मिळतो. पाणी वाचविणे हे शेतकऱ्याच्या त्यागावर अवलंबून राहात नाही, ते त्याच्या हिशेबात बसते. या मंडळीचे प्रारंभीचे भांडवल बहुतांशी एका संशोधन संस्थेच्या अनुदानातून आले, हे विसरता कामा नये. दीर्घकाळ थांबण्यास तयार असलेला, पहिला तोटा सोसणारा आणि भाग विकून पळ न काढणारा पैसा येथे हवा असतो. सहेतुक गुंतवणुकीची खरी जागा ही आहे. मालकी मागण्याऐवजी तिने मालकी उभी राहण्यास हातभार लावावा.

विश्वस्ताला जाब

श्रीमंतांनी संपत्तीचे विश्वस्त व्हावे, ही गांधीजींची कल्पना आज या नव्या भांडवलाच्या समर्थनार्थ वापरली जाते. परंतु विश्वस्तवृत्तीचा जो व्यावहारिक मसुदा गांधीजींनी संमत केला होता, त्यात संपत्तीच्या मालकीचे आणि वापराचे कायद्याने नियमन करण्यास वाव ठेवलेला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. ज्याला जाब विचारता येत नाही त्याला विश्वस्त म्हणता येणार नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सूक्ष्म वित्त कंपन्यांना दिलेले बँककर्ज अग्रक्रम क्षेत्रात धरावयाचे असेल, तर शेवटच्या कर्जदाराला लागणाऱ्या व्याजावर मर्यादा घातली पाहिजे. सामाजिक परिणामाचा दावा करणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर कर्जदारांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असले पाहिजेत, आणि परिणामांचा अहवाल कर्जदारांच्या भाषेत त्यांच्यासमोर वाचला गेला पाहिजे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाचा पायंडा पाडला होता. तो हरित रोख्यांच्या प्रत्येक प्रकल्पाला लावण्यास कोणती अडचण आहे? भूजलाचा उपसा मर्यादेबाहेर गेलेल्या पाणलोटात पाणीखाऊ पिकाला सवलतीचे कर्ज मिळता कामा नये. तेथील शेतकऱ्याला पर्यायी पिकाच्या भावाची हमी आणि ठिबकासाठी भांडवल त्याआधी मिळाले पाहिजे. पाणी वाचविण्याची किंमत त्या एकट्याकडून वसूल करणे हा अन्यायच होईल.

यांतील एकही मागणी क्रांतीची वाट पाहणारी नाही. रिझर्व्ह बँक, सेबी आणि राज्य सरकार यांच्या आजच्या अधिकारांत यांपैकी बरेच काही बसते. उरलेल्यासाठी विधिमंडळ व संसद आहेत. ते आपोआप होणार नाही, कारण ज्यांना उत्तर द्यावे लागेल त्यांचे वजन मोठे आहे. बचत गटांच्या स्त्रिया, सहकारी संस्थांचे सभासद, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि कोरडवाहू शेतकरी यांनी हा प्रश्न आपला मानला, तरच त्या वजनाला तोल मिळेल. भांडवलाने सद्हेतू जाहीर केला आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. आता त्या हेतूचा हिशेब, ज्यांच्या नावाने तो जाहीर झाला त्यांच्यासमोर, त्यांना समजेल अशा भाषेत मांडावयास लावणे, हे आपले काम आहे.